शेणाचा वास येईल, हे आधीच सांगा

संपादक महोदय,

मुलीकडे न्यूयॉर्क राज्यात दोन महिने राहून आलो. शहरात नव्हे, गाईगुरांच्या भागात. तिथे 1971 च्या कायद्यानुसार कौंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था, शेतीचे संरक्षित पट्टे ठरवते. पुढाकार जमीनमालकांचा, जमीन किमान 250 एकर. शेतकरी सदस्य असलेले मंडळ छाननी करते, जाहीर सुनावणी होते, मग राज्याचा कृषी आयुक्त प्रमाणपत्र देतो. दर 8 वर्षांनी फेरआढावा.

मला भावली ती एक बारीकशी तरतूद. पट्ट्यात घर घेणाऱ्याला विकणाऱ्याने व्यवहाराआधीच लेखी सांगावे लागते, की इथे वास, धूळ आणि आवाज असणार. मागाहून कुरकुर नको! अर्थात जमीन बिल्डरला विकायला बंदी नाहीच. ते तिथलेही दुखणे आहे.

आपल्याकडे विकास आराखड्याची सुधारणा 20 वर्षांतून एकदा झाली तरी चालते. मधल्या काळात हिरव्याचे पिवळे, म्हणजे नकाशावरच्या शेती पट्ट्याचे निवासी पट्ट्यात रूपांतर, करायला नगररचना कायद्याच्या कलम 37 चा किरकोळ फेरबदल आहेच. हरकतींना एक महिना. बाधितांना नोटीस द्यावी असे कलम म्हणते, पण शेजारचा द्राक्ष बागायतदार बाधितांत धरतात का? पहाटे औषधफवारणी केली म्हणून नव्या सोसायटीच्या तक्रारी त्यालाच ऐकाव्या लागतात. निदान ती नोटीस ग्रामसभेत तरी वाचून दाखवा.

– एक वाचक, नाशिक