वेष्टनाची परीक्षा घरी होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या व्यापारविषयक पुरवणीत वेष्टनाच्या रचनेविषयी अलीकडे जे लिहिले गेले, त्यात सारा भर रंग, झळाळी आणि नजर खेचून घेण्यावर होता. नजर खेचली म्हणजे ग्राहक जोडला गेला, हे गृहीतक मला अपुरे वाटते, म्हणून हे पत्र.

वेष्टनावर बोलण्याची जबाबदारी आली ती दुकानाची पद्धत बदलल्यामुळे. पूर्वी माल दुकानदाराच्या पाठीमागे असे आणि त्याची भलामणही तोच करी. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले आणि त्यात ग्राहकाने स्वतः फिरून वस्तू उचलण्याची सोय केली. ही पद्धत रुळत गेली, तसे वस्तू कोणती, कोणाची आणि किती, हे सांगायला खोक्यावाचून दुसरे कोणी उरले नाही.

मात्र मांडणीसमोर उभा असलेला ग्राहक मजकूर वाचत बसत नाही, तो ओळखीची खूण शोधतो. ‘ट्रॉपिकाना’ या फळांचा रस विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने जानेवारी २००९ मध्ये संत्र्यात खुपसलेल्या नळीचे आपले चित्र काढून त्या जागी रसाने भरलेला पेला आणला. आतला रस तोच होता, पण नेहमीच्या गिऱ्हाइकांना आपले खोके चटकन सापडेना, आणि कित्येकांना तर तो कुठल्याशा दुकानाचा स्वस्तातला माल वाटला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घटली व कंपनीला जुने चित्र परत आणावे लागले. (नवे चित्र मंजूर करणाऱ्यांनी ते सभागृहाच्या पडद्यावर एकटेच पाहिले असावे, अशी मला दाट शंका आहे.)

तरीही ओळख पटणे ही पहिलीच पायरी. वस्तू दुकानात क्षणभर हाताळली जाते आणि घरात महिनोन्‌महिने, त्यामुळे संबंध जुळतो वा तुटतो तो घरी. ‘येथून फाडा’ असे छापलेल्या रेषेवर नखाने खटपट करावी, पट्टी अर्ध्यात तुटून हातात यावी आणि अखेर कात्री शोधावी लागावी. चंदेरी कागदावरची वापराची मुदत वाचायला पाकीट दिव्याखाली तिरके धरावे लागावे. या गोष्टींनी येणारा वैताग त्या वेष्टनावरच्या नावाच्याच खाती जमा होतो, मग दर्शनी बाजू कितीही देखणी असो.

याउलट काय साधता येते, हे ‘टार्गेट’ या अमेरिकी दुकानसाखळीने २००५ मध्ये आणलेल्या औषधाच्या बाटलीने दाखवले. ही बाटली घडवणाऱ्या डेबोरा ॲडलर या रचनाकला (डिझाइन) शिकत असताना त्यांच्या आजीने चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या होत्या, आणि त्यातून त्यांनी बाटलीचाच नव्याने विचार सुरू केला. जुन्या गोल बाटलीवर औषधविक्रेत्याचे नाव ठळक असे, औषधाचे नाव त्याखाली दडलेले, आणि सूचना वाचायला बाटली गरागरा फिरवावी लागे. नव्या बाटलीच्या बाजू चपट्या होत्या आणि ती झाकणावर उभी राही. औषधाचे नाव सर्वांत वर मोठ्या अक्षरांत, त्याखाली ते कसे घ्यायचे, आणि घरातील प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचे कडे. विक्रेत्याने आपले नाव खाली नेले, हा मला यातला सर्वांत धीट निर्णय वाटतो. २०१५ मध्ये ‘टार्गेट’ने आपला औषधविभाग ‘सीव्हीएस’ या औषधदुकानांच्या साखळीला विकला आणि पुढे ही बाटली बंद झाली, तेव्हा ग्राहकांनी उघड नाराजी व्यक्त करून ती परत मागितली. रिकामी झाल्यावर टाकून द्यायच्या वस्तूसाठी माणसे अशी हट्टाला पेटतात, हे जाहिरातीने घडवता येत नाही.

स्वतःच्या नावाने माल विकणाऱ्या दुकानांना हे करणे इतरांपेक्षा सोपे आहे, कारण वेष्टन कसे असावे हे ठरवणे त्यांच्याच हाती असते आणि तक्रार घेऊन येणारा ग्राहकही त्यांच्याच दारात येतो. पण त्यांपैकी अनेक दुकाने नामांकित मालाचे रंग आणि अक्षरांचे वळण उचलण्यातच समाधान मानतात. त्यांनी नवा नमुना मंजूर करण्यापूर्वी तो चष्मा लावणाऱ्या वृद्धांच्या आणि एका हाताने काम करणाऱ्यांच्या हाती द्यावा, तो उघडायला व पुन्हा बंद करायला सांगावा, आणि त्या वेळी आपण मध्ये बोलू नये.

आपला,
एक वाचक