प्रतिस्पर्ध्याच्या नियमांसाठी पुस्तके काढताना

मा. संपादक,

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) खेळांच्या प्रकाशकांनी प्रतिस्पर्ध्याच्या नियमपद्धतीसाठीही पुस्तके काढावीत का, याचे उत्तर अमेरिकेतील पैझो या कंपनीच्या वाटचालीत सापडते. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रतिस्पर्धी कंपनीने २००० साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या आपल्या खेळाचे मूळ नियम इतर प्रकाशकांनाही वापरता येतील अशा खुल्या परवान्याने दिले, पण २००८च्या चौथ्या आवृत्तीसाठी अधिक जाचक परवाना आणला; तेव्हा पैझोने जुन्या नियमांच्या आधारे २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा स्वतंत्र खेळ उभा केला. पुढे त्याच पैझोने आपली ‘अबॉमिनेशन व्हॉल्ट्स’ ही साहसकथा प्रतिस्पर्ध्याच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीसाठीही काढली.

मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण कथा, नकाशे आणि चित्रे यांवर एकदा केलेली मेहनत दोन्ही वाचकवर्गांना उपयोगी पडते. मात्र राक्षसांची ताकद आणि लढतींचा तोल नव्या नियमांत पुन्हा तपासावाच लागतो, आणि तिथे केलेली घाई खेळाडूंना पहिल्याच बैठकीत जाणवते.

जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्सचा तो खुला परवाना बदलण्याचा मसुदा फुटला, तेव्हा त्यावर विसंबलेले लहान प्रकाशक हवालदिल झाले. तीव्र विरोधानंतर पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांना वापराची मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली आले, तरी परवाना वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय छपाईची आगाऊ रक्कम भरू नये, अशी माझी या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या तरुणांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे