बाबांच्या हिशेबाच्या वहीबद्दल

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोन ठेवताना तू म्हणालीस की बाबा अगदी पूर्वीसारखेच बोलले, आणि मी गप्प राहिले. असे गप्प राहणे मी वर्षभर करत आले आहे. फोनवर ते शेजारीच बसलेले असतात, म्हणून आज हे लिहून कळवते.

त्या दिवशी तू त्यांना नव्या चष्म्याबद्दल विचारलेस, तेव्हा ते हसून म्हणाले, "ते खाते तुझ्या आईकडे," आणि फोन माझ्या हाती दिला. तुला तो विनोद वाटला. वास्तविक नवा चष्मा केल्याचेच त्यांना आठवत नव्हते. हल्ली कोणी काहीही विचारले, की उत्तर देण्याआधी त्यांची मान माझ्याकडे वळते. डॉक्टरांसमोरही तेच झाले, आणि डॉक्टरांनी ते लगेच टिपले.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे, किंवा एखादे नाव ओठांवर येऊन अडणे आणि तासाभराने आठवणे, एवढ्यावरून घाबरू नये. ते माझेही होते. मला खटकली ती हिशेबाची वही. लग्नानंतर एकही दिवस न चुकता ते रात्री खर्च लिहीत, बेरीज दोनदा ताडून पाहत आणि खाली दुहेरी रेघ मारत. गेल्या वर्षी एका पानावर विजेचे बिल दोनदा लिहिलेले दिसले, आणि चौकशी केली तर ते खरोखरच दोनदा भरलेले होते. पुढे बेरजा चुकू लागल्या, नंतर रेघेखालची जागा कोरीच राहू लागली. ते झोपल्यावर मी त्यांच्या वळणाचे आकडे गिरवून त्या बेरजा दुरुस्त करत असे. त्यांना ओशाळे वाटू नये म्हणून मी हे केले, पण त्या झाकपाकीत वर्ष गेले आणि तुला काही कळण्याची वाटच बंद झाली.

लोक फसतात ते आणखी एका कारणाने. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू नेणाऱ्या मेंदूच्या आजारात, नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग सहसा आधी दुखावतो आणि जुने बराच काळ शाबूत राहते, त्यामुळे शाळेतल्या मास्तरांची नक्कल हुबेहूब करणाऱ्या माणसाला सकाळी घरी कोण आले होते ते सांगता येत नाही. शिवाय प्रत्येक लक्षण विसरण्याचेच असते असेही नाही. बुद्धिबळाचा पट त्यांनी आपणहून बंद केला, तेव्हा मी ते वयावर ढकलले. पाकीट स्वतःच उशीच्या अभ्र्यात ठेवून "कोणीतरी नेले" म्हणाले, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टरांनी त्यांना घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले. वर्तुळ सुरेख आले, आकडेही जागच्या जागी बसले. पण एक काटा त्यांनी अकरावर नेला आणि दुसरा दहावर. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

एका चित्रावरून निदान होत नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य, झोपेच्या काही गोळ्या यांमुळेही असाच गोंधळ दिसू शकतो, आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून रक्ताच्या तपासण्या, मेंदूचा एमआरआय आणि कानांची तपासणी व्हायची आहे, कारण ऐकू कमी येणारा माणूसही पुष्कळदा विसराळू वाटतो. एक गोष्ट लक्षात ठेव: असा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक उद्भवला, तर ते संसर्गासारख्या दुसऱ्याच आजाराचे लक्षण असू शकते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. बाबांचे तसे नाही. त्यांचे हळूहळू होत गेले आहे.

पुढच्या भेटीला तू सोबत असावीस, कारण मी डॉक्टरांपुढेही थोडे झाकेनच. तू वसतिगृहात असताना त्यांनी तुला लिहिलेली पत्रे घेऊन ये. आधीचे अक्षर आणि वाक्ये डॉक्टरांना आताच्या लिखाणाशी ताडून पाहता येतील. तोवर फोनवर त्यांना "आठवते का?" असे विचारू नकोस. तुझ्याकडचे काय चालले आहे ते त्यांना सांगत जा.

तुझी,
आई