घारापुरीचं अर्धं बेट पर्यटकांना दाखवाल का?

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार.

गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या माणसाचा दिवस कसा जाणार हे आधीच ठरलेलं असतं. तासाभराचा लाँचप्रवास, शेतबंदरचा धक्का, हौस म्हणून मिनी ट्रेन, दुतर्फा दुकानं लागलेल्या शंभर-सव्वाशे पायऱ्या, पहिलं लेणं, सदाशिवाकडे पाठ करून फोटो आणि लगेच परतीच्या लाँचची रांग. पहिल्या लेण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सदाशिवाची ती भव्य मूर्ती, एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. तिथेच दिवसभर बसलं तरी मन भरत नाही. माझं म्हणणं एवढंच की सहल तिथे संपते, बेट मात्र पुढे बरंच उरतं.

समुद्राच्या मधोमध, एवढ्याशा बेटावर इतकं अफाट लेणं कोरायला कोण आलं असेल, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकावर त्याचं उत्तर नाही. ते किनाऱ्यावर आहे. इथे रोमन काळातल्या कुंभांची खापरं सापडली आहेत, म्हणजे भूमध्य समुद्राकडचा माल इथवर येत होता. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणीही इथे मिळाली. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत आणि त्याच बाजूला सीताबाईचं लेणं म्हणून ओळखलं जाणारं सहावं लेणं. थोडक्यात, सहाव्या शतकात शिवाचं हे लेणं कोरलं गेलं, त्याच्या कितीतरी आधीपासून हे नांदतं बंदर होतं. हे कळल्यावर लेणं वेगळंच दिसू लागतं.

पण पूर्वेच्या टेकडीकडे जायचं तर वाट विचारत जावं लागतं. लाँचवर विचारलं की "तिकडे काय नाय" असं उत्तर मिळतं.

बेटावरच्या राजबंदर गावाचंही तसंच. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो तिथला. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला हलवण्याच्या खटपटीत तो फुटला. जोडलेला हत्ती आज भायखळ्याला, राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. तो परत आणा असं मी म्हणत नाही, तो वाद मोठा आहे. पण तो जिथे होता तिथे त्याची एक प्रतिकृती आणि चार ओळींचा मराठी फलक लावायला काय हरकत आहे?

लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, बेट रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात, लाँच सुटणार मुंबईहून. त्यामुळे कुणाकडेही गेलं तरी "आमच्या अखत्यारीत नाही" हे ऐकायला मिळतं. म्हणूनच हे पत्र तुम्हाला. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणं तुमच्या हातात आहे.

वाट उघडण्याची घाई मात्र नको. आधी स्तूपाच्या विटांना कुंपण आणि राखणदार हवा, नाहीतर महिनाभरात त्यावर बदाम आणि नावं कोरलेली दिसतील. मग राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या तिन्ही गावांतल्या मुलामुलींना वाटाडे म्हणून तयार करा आणि ठरावीक माणसांच्या तुकड्या त्यांच्यासोबत पाठवा. समुद्राखालून केबल टाकून २०१८ मध्ये बेटावर वीज आली. आता निदान गावांना या वारशातून बारमाही रोजगार मिळू दे. आणि सकाळची पहिली लाँच थोडी लवकर सोडा. पूर्वेची टेकडी उन्हं चढायच्या आत बघून झाली तर पहिल्या लेण्याला निवांत वेळ मिळतो.

सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळा संपल्यावर अशा एखाद्या सोमवारी, पुरातत्त्वाचे अधिकारी आणि सरपंच यांना सोबत घेऊन तुम्ही स्वतः पूर्वेची टेकडी चढून यावं, ही विनंती. ताफा शेतबंदरलाच राहू द्या.

आपला,
घारापुरीला वारंवार जाणारा एक मुंबईकर