यंदा चवथीला येता येणार नाही

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

माझे प्रदर्शन नेमके चवथीच्या दिवसांत सुरू होत असल्यामुळे मी बंगळुरातच राहण्याचे ठरवले आहे. राजस्थानातल्या बस्सीहून कावड, म्हणजे दारे उघडत जाणारे चित्रांचे लाकडी देवघर, करणारे सुथार आणि आंध्रातल्या कोंडापल्लीहून खेळणी घडवणारे एक जोडपे माझ्या शब्दावर येत आहेत. पाहुण्यांना परक्या गावी बोलावून मी स्वतः निघून यावे, हे तुम्हालाही पटणार नाही.

बाबा, सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या लाकडाचे आंबे-काजू रंगताना पाहत मी दुकानाच्या पायरीवर बसून राहायची आणि तुम्ही बाजाराची पिशवी घेऊन उभे असायचात, पण "चल" म्हणून कधी म्हटले नाहीत. म्हणूनच कुठेही गेले तरी लाकूड रंगवणाऱ्यांची आळी मी आधी शोधते. चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून रंग चढतो; कोंडापल्लीला हलक्या पोणिकी लाकडाचे हातपाय वेगळे कोरून चिंचोक्याच्या पिठात भुसा मळून ते जोडतात. मला सर्वांत भावली ती बस्सीची कावड. तिचे दारामागून दार उघडत जाते, कावडिया भाट मोरपिसाने एकेक चित्र दाखवत यजमानाच्या कुळाची आणि देवादिकांची कथा सांगतो, आणि अगदी आत बहुधा राम, लक्ष्मण, सीता असतात. प्रदर्शनातल्या माझ्या कावडीच्या बाहेरच्या दारांवर ही सारी गावे आहेत. आतल्या दारामागे मात्र गणपतीच्या डोक्यावर टांगतो ती, कवंडळाची रानफळे आणि सुपारीचे घड बांधलेली आपली माटवी आहे, आणि तिच्याखाली तुम्ही दोघे आरतीला उभे आहात. ते चित्र तुम्ही स्वतः पाहावे, अशी माझी फार इच्छा आहे.

विसर्जनानंतरही प्रदर्शन काही दिवस असेल, म्हणून गाडी ठरवून ठेवली आहे. आंबोलीमार्गे सावकाश निघा, हुबळीला रात्रीचा मुक्काम करा. इथली खोली तळमजल्यावर आहे, न्हाणीत धरायला दांडी बसवून घेतली आहे, उकड्या तांदळाची पेज सकाळी मिळेल आणि आई, तुझ्या पाठीला सोसेल अशी कापसाची गादी मी मुद्दाम भरून घेतली आहे. दालनात बसायला पाठीच्या खुर्च्याही ठेवते.

बाबा, यंदा माटवी बांधायला तुम्ही स्टुलावर चढायचे नाही. दादा येईल, त्याला मी सांगितले आहे. रक्तदाबाच्या गोळ्या उपासाच्या दिवशीही घ्यायच्या. आई, सगळे मोदक एकटीने वळत बसू नकोस, काकूला हाताशी घे. माझ्या वाटचे पाच मोदक देवापुढे ठेव आणि मग तुम्हीच खा. गाडी किती वाजता पाठवू, तेवढे मात्र रविवारपर्यंत नक्की कळवा.

तुमची,
ताई