वणव्याचं खापर चिडावर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तराखंडच्या वणव्यांवरचा कालचा लेख वाचला आणि राहवलं नाही. चीड हा पाइनवृक्ष इंग्रजांनी भारतात आणला, असं त्यात बिनदिक्कत छापलं आहे. चीड मूळचा हिमालयातलाच. कालिदासाच्या कुमारसंभवात पहिल्याच सर्गात हत्ती सरलवृक्षांवर गाल घासतात आणि त्या चिकाचा सुगंध शिखरांवर दरवळतो. तो सरल म्हणजेच हा चीड. इंग्रजांनी तो आणला नाही, रेल्वेचे स्लीपर आणि टर्पेंटाइन हवं म्हणून राखला आणि वाढवला. गावकऱ्यांचे जंगलावरचे हक्क त्यातच गेले आणि त्याच रागातून १९२१ साली कुमाऊंत चिडाची राखीव जंगलं पेटली.

उन्हाळ्यात गळणारा पिरूल, म्हणजे चिडाच्या वाळक्या सुया, राळेमुळे भडकतो, हे मान्य. पण रानीखेतजवळच्या जंगलात मी जे पाहिलं, त्याचा लेखात उल्लेखही नाही. लिसा, म्हणजे चिडाची राळ, काढण्यासाठी बुंध्यापाशी साल सोललेली, लाकडात खोल घाव, खाली डबा, घावावर राळेचा पांढरट थर. आधीच्या वणव्यात नेमका तेवढाच भाग आतपर्यंत जळून पोकळ झाला होता. एक झाड तर त्या खाचेपाशीच मोडून आडवं पडलेलं. शेजारचं, घाव न घातलेलं झाड मात्र वरवर काळवंडलं होतं, एवढंच. जाड साल हे चिडाचं आगीपासूनचं संरक्षण. तीच आपण सोलतो, राळ उघडी टाकतो आणि दोष झाडाला देतो. याचा मला मनापासून संताप येतो.

बांजाची, म्हणजे तिथल्या ओक वृक्षाची, जंगलं चिडाने गिळली, हेही अर्धवट. चिडाचं पंख असलेलं बी वाऱ्यावर दूर जातं, पण रुजायला त्याला भरपूर ऊन आणि उघडी माती लागते. दाट बांजाखाली ती मिळत नाही. चाऱ्या-सरपणासाठी बांज ओरबाडला, वर रान जळलं, की मिळते. आधी काय घडलं ते लेखकाने सोडूनच दिलं.

शिवाय सोबतचा फोटो देवदाराचा आहे! चिडाच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात आणि वीतभर लांब असतात. देवदाराच्या जेमतेम दोन-चार सेंटिमीटर, झुबक्यात. फोटो निवडणाऱ्याने एवढं तरी पाहायला हवं होतं.

दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात न टाकता, लेख होता त्याच पानावर योग्य फोटोसह छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक