बाबराच्या बागेतून

काबूल,
१७ एप्रिल २०१५

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री तू नेहमीप्रमाणे औरंगाबादहून पायी निघून पहाटे खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला पोहोचलास, हे वाचून मन थेट तिथे गेले. योगायोग असा की, आज शुक्रवारच्या सुट्टीत मी जिथे दिवस घालवला, तिथेही मला राहून राहून खुलताबादच आठवत होते. म्हणून परत येताच हे लिहायला बसलो आहे.

शेर दरवाजा नावाच्या डोंगराच्या पश्चिम उतारावर बाग-ए-बाबर आहे. मोगल घराण्याचा मूळपुरुष बाबर तिथे चिरविश्रांती घेत आहे. उंच मातीच्या भिंतींनी वेढलेली ही बाग सुमारे अकरा हेक्टरांची असून डोंगराच्या उतारावर एकावर एक अशा पंधरा पायऱ्यांनी, आपल्याकडच्या टप्प्याटप्प्यांच्या शेतांसारखी, चढत जाते. मधोमध वरपासून खालपर्यंत पाण्याचा पाट येतो, मध्ये मध्ये हौदात थांबतो आणि पुन्हा पुढे निघतो. आपण खालच्या दरवाजातून आत शिरतो आणि पाण्याच्या उलट दिशेने वर चढत राहतो, त्यामुळे पाण्याचा आवाज अखेरपर्यंत समोरून येतो. ही चढण मी मुद्दाम सावकाश चढलो.

बाबराने १५०४ मध्ये काबूल घेतले आणि या शहरावर त्याचा जो जीव जडला तो कायमचा. पुढे पानिपत जिंकून तो हिंदुस्थानचा बादशहा झाला, तरी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत तो तक्रार करतो की या देशात चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, वाहते पाणी नाही. काबूलला असलेल्या आपल्या जुन्या सोबत्याला, ख्वाजा कलानला, लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की नुकतेच एक खरबूज आले, ते कापून खाताना मला रडू आवरेना. दिलीप, एवढे राज्य मिळवलेल्या माणसाने मित्राला हे लिहावे, यापुढे त्याच्या लढायांची वर्णने मला फिकी वाटतात. परमुलखात तीन वर्षे काढल्यावर ते रडणे मला पूर्ण कळते.

१५३० च्या डिसेंबरात तो आग्र्याला वारला आणि तिथेच यमुनेकाठी त्याला पुरले. काही वर्षांनी त्याचे अवशेष इथे आणले गेले. आपली कबर उघड्या आभाळाखाली असावी, वर छत नसावे, अशी त्याची इच्छा होती म्हणतात. त्याचा पणतू जहांगीर १६०७ मध्ये इथे आला, तेव्हा त्याने उशाचा शिलालेख बसवला. शाहजहानने कबरीच्या खालच्या टप्प्यावर पांढऱ्या संगमरवराची तीन कमानींची मशीद बांधली. ताजमहाल बांधणाऱ्याने इथे इतके लहान आणि इतके नेमके काम करावे, याचे मला फार कौतुक वाटले. अकबराची बेगम रुकैया हीसुद्धा याच बागेत आहे. तिचे वडील हिंदाल म्हणजे बाबराचाच मुलगा, तेही इथेच आहेत.

कबरीभोवती संगमरवरी जाळीचे कुंपण आहे आणि आत फक्त दगड आणि ऊन. तिथे उभा राहिलो आणि आपल्या खुलताबादची ती दुसरी कबर डोळ्यांसमोर आली. बाबरानंतर पाच पिढ्यांनी, १७०७ मध्ये, औरंगजेब अहमदनगरजवळ वारला आणि शेख जैनुद्दीनच्या दर्ग्यात, त्याच्याच इच्छेनुसार, साधेपणाने पुरला गेला. तिच्यावरही छत नाही. मातीत सब्जा उगवलेला असतो, हे आपण लहानपणी किती वेळा पाहिले! त्या कबरीपुढे मराठी माणसाचे मन शांत राहणे कठीण आहे. संभाजी महाराजांची आठवण तिथे प्रथम येते, आणि ती यायलाच हवी. पण आज मला प्रथमच असे वाटले की या घराण्याच्या कथेचे एक टोक या डोंगरावर आहे आणि दुसरे आपल्या गावात, आणि दोन्ही टोकांवर तेच उघडे आभाळ आहे.

ही बाग वीस वर्षांपूर्वी जवळजवळ नाहीशी झाली होती. १९९२ नंतरच्या यादवी युद्धात निरनिराळ्या टोळ्यांची आघाडी नेमकी याच भागातून जात होती. झाडे सरपणासाठी तोडली गेली, पाणी बंद पडले, जमिनीत सुरुंग पेरले गेले. पुढे सुरुंग काढल्यावर आगा खान ट्रस्टने हे काम हाती घेतले आणि काबूलच्या शेकडो मजुरांनी भिंती पुन्हा मातीच्याच उभारल्या, पाट वाहता केला, चिनार, अक्रोड, जर्दाळू, तुती नव्याने लावल्या. बाबराला प्रिय असलेला अर्गवानही लावला. त्याला पाने फुटण्याआधी फांद्यांवर जांभळट गुलाबी फुले येतात, आणि सध्या तो बहरात आहे. नव्याने लावलेली झाडे अजून कोवळी आहेत, त्यामुळे सावली विरळ पडते. मला ती विरळ सावली मोठ्या बागेच्या गर्द सावलीपेक्षा जास्त मोलाची वाटली, कारण ती कोणीतरी हट्टाने परत आणलेली आहे.

शुक्रवार असल्याने घरोघरची मंडळी सतरंज्या पसरून बसली होती, थर्मासातून हिरवा चहा ओतला जात होता. एका कुटुंबाने मला हाक मारून आग्रहाने बसवले आणि हातावर गरम बोलानी ठेवली. ती आपल्या भाजी भरलेल्या पराठ्यासारखी, पण पातळ असते. आजोबांनी विचारले, तुमच्या गावात कोणती झाडे आहेत? मी सीताफळ सांगितले. त्यांना ते कळेना, तेव्हा मातीवर चित्र काढून दाखवले, आणि सगळी मुले ते पाहायला गोळा झाली.

अर्गवानची गळून पडलेली चार फुले या पत्रात घातली आहेत. पोहोचेपर्यंत रंग उतरेल, तरी आईला दाखव. आणि पुढच्या वेळी खुलताबादला जाशील तेव्हा त्या दर्ग्यातही डोकावून ये. सब्जा अजून उगवतो का, ते मला कळव.

तुझा,
विश्वास